प्रिपोझिशनच्या आधी येणारं ॲडव्हर्ब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत ॲडव्हर्बची व्याख्या पाठ होते ती अशी: क्रियापद, विशेषण किंवा दुसऱ्या ॲडव्हर्बबद्दल अधिक माहिती सांगणारा शब्द. या तिघांच्या रांगेत प्रिपोझिशनल फ्रेजला, म्हणजे 'बिहाइंड'सारखं प्रिपोझिशन आणि त्याच्यानंतरचं नाम मिळून होणाऱ्या गटाला, जागाच नाही. त्यामुळे 'राइट बिहाइंड द स्कूल' यातलं 'राइट' नेमकं कोणाचं, हे बारावीपर्यंत कोणी विचारत नाही. पुढे स्पर्धा परीक्षेच्या 'चूक शोधा'मध्ये किंवा ऑफिसच्या ईमेलमध्ये हाच प्रश्न अचानक समोर येतो. खालचे प्रश्न मराठीतून इंग्रजीकडे येणाऱ्यांचे आहेत, म्हणून उत्तरांतही मराठी सोबत ठेवली आहे. इंग्रजी उदाहरणं देवनागरीत आहेत; अडलंच तर मोठ्याने वाचा, लगेच कळतील.

प्रिपोझिशनल फ्रेजच्या आधी ॲडव्हर्ब लागतंच कशाला?

'आफ्टर लंच' म्हणजे जेवणानंतर. पण केव्हा? हात धुतल्या धुतल्या की चहाच्या वेळेला? नुसत्या 'आफ्टर'मधून ते कळत नाही. ते सांगायला आधी एक शब्द ठेवावा लागतो. 'राइट आफ्टर लंच' म्हणजे जेवण झाल्या झाल्या, 'शॉर्टली आफ्टर लंच' म्हणजे थोड्या वेळाने, 'लाँग आफ्टर लंच' म्हणजे बऱ्याच वेळाने, आणि 'ओन्ली आफ्टर लंच' म्हणजे जेवणानंतरच, आधी नाही. 'आफ्टर लंच' चारही ठिकाणी तेच आहे, मात्र आधीचा शब्द बदलला की निरोपच बदलतो.

हे शब्द साधारण दोन कामं करतात. काही जण मोजमाप सांगतात: किती जवळ, किती आधी, किती आत. 'राइट', 'जस्ट', 'वेल', 'फार', 'शॉर्टली', 'हाफवे' हे त्यातले. बाकीचे बोट रोखतात: हेच, हेसुद्धा, मुख्यतः हेच. 'ओन्ली', 'इव्हन', 'मेनली', 'इस्पेशली', 'पार्टली' ही दुसरी जात. पुढच्या बऱ्याच अडचणी या दुसऱ्या जातीच्या आहेत.

मराठीत असा शब्द कुठे येतो आणि इंग्रजीत कुठे?

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मराठीत या शब्दाला तीन जागा आहेत. तो सगळ्यांच्या पुढे येतो: थेट स्टेशनवर, ऐन दिवाळीत, अगदी घरासमोर. तो मध्ये घुसतो: घराच्या बरोब्बर समोर, परीक्षेच्या दोन दिवस आधी, पाचच्या जरा नंतर. आणि तो शेवटी येऊन चिकटतो: घरातच, पावसातसुद्धा, जेवणानंतर लगेच.

इंग्रजीत, ॲडव्हर्ब संपूर्ण फ्रेजबद्दल बोलत असेल, तर त्याची नेहमीची जागा एकच: प्रिपोझिशनच्या आधी. 'स्ट्रेट टू द स्टेशन', 'डायरेक्टली ऑपोझिट द हाउस', 'टू डेज बिफोर द एक्झाम', 'इव्हन इन द रेन', 'इमीजिएटली आफ्टर लंच'. मराठीत पुढे, मध्ये, मागे असं पसरलेलं सगळं तिथे पुढे येऊन उभं राहतं.

थेट, ऐन, अगदी यांचा त्रास होत नाही, कारण त्यांची जागा दोन्ही भाषांत सारखी आहे. अडखळायला होतं ते शेवटी चिकटणाऱ्या 'च' आणि 'सुद्धा'पाशी. 'पुण्यातच' म्हणताना 'च' शेवटी येतो, म्हणून इंग्रजी बोलतानाही जीभ 'इन पुणे ओन्ली' म्हणते. 'पावसातसुद्धा' म्हणजे 'इन रेन ऑल्सो'. भारतीय इंग्रजीत हे इतकं रुळलंय की आपापसात कोणाला खटकत नाही. परीक्षेत, मुलाखतीत किंवा परदेशी ग्राहकाला लिहिताना मात्र खटकतं.

आणखी एक खाच आहे. 'च' उचलून पुढे नेला आणि 'आय लिव्ह ओन्ली इन पुणे' म्हटलं, तर व्याकरण सुधारलं, पण अर्थ बिघडला. ऐकणाऱ्याला वाटेल, याची दुसरीकडेही घरं असायला हवी होती की काय. 'मी पुण्यातच राहतो' या वाक्यात आपल्याला बहुधा एवढंच सांगायचं असतं की लांब कुठे नाही, इथेच. त्याला इंग्रजीत 'आय लिव्ह राइट हिअर इन पुणे' म्हणतात. प्रत्येक 'च' म्हणजे 'ओन्ली' नव्हे. 'दुसरीकडे नाही' असा अर्थ असेल तेव्हाच 'ओन्ली'. नुसता जोर द्यायचा असेल तर 'राइट', 'व्हेरी मच', किंवा काहीच नाही, आवाजातला जोर पुरे.

मग 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' कसं चालतं?

मलमाच्या ट्यूबवर, फॉर्मच्या कोपऱ्यात ('फॉर ऑफिस यूज ओन्ली') आणि दारावरच्या पाटीवर 'ओन्ली' शेवटी येणं ही इंग्रजीतली जुनी, रूढ पद्धत आहे. ती पाट्यांची आणि सूचनांची भाषा आहे. पूर्ण वाक्य लिहायला घेतलं की 'ओन्ली' पुढे आणा: 'धिस क्रीम इज ओन्ली फॉर एक्स्टर्नल यूज'.

'दोन दिवसांपूर्वी'चं 'बिफोर टू डेज' का होत नाही?

'बिफोर'नंतर एखादी घटना किंवा वेळ लागते: परीक्षा, लग्न, सोमवार. कालावधी हवा असेल तर तो 'बिफोर'च्या आधी येतो: 'टू डेज बिफोर द वेडिंग'. आजपासून मागे मोजायचं असेल, तर 'बिफोर' नाहीच, 'टू डेज अगो'. 'आय मेट हिम बिफोर टू डेज' हे आपल्याकडे रोज ऐकू येतं, आणि रोज चुकीचं असतं.

'ओन्ली आफ्टर टू डेज' आणि 'आफ्टर ओन्ली टू डेज' यांत फरक काय?

जमीन-अस्मानाचा. समजा, सोसायटीच्या फलकावर लिहिलंय: 'द वॉटर सप्लाय विल रिझ्यूम ओन्ली आफ्टर टू डेज'. म्हणजे पाणी दोन दिवसांनंतरच येणार, त्याआधी नाही. पिंपं भरून ठेवा. आता 'ओन्ली' आणि 'आफ्टर' यांच्या जागा बदलून आणि क्रियापद भूतकाळात नेऊन बघा: 'द वॉटर सप्लाय रिझ्यूम्ड आफ्टर ओन्ली टू डेज'. म्हणजे अवघ्या दोन दिवसांत पाणी आलं, वाटलं होतं आठवडा जाईल.

पहिल्या वाक्यात 'ओन्ली' हे 'आफ्टर टू डेज' या पूर्ण फ्रेजवर बोट ठेवतं. दुसऱ्यात ते फक्त 'टू डेज' या आकड्यावर आहे आणि सांगतं, एवढेच. मराठीत 'दोन दिवसांनीच' हा एकच शब्द दोन्हीकडे लागू पडतो. 'पाणी दोन दिवसांनीच येईल' यात उशीर आहे, 'तो दोन दिवसांनीच परत आला' यात घाई. आपण संदर्भावरून समजून घेतो, किंवा स्पष्ट करायचं असेल तर 'अवघ्या' वापरतो. इंग्रजीला संदर्भाची वाट बघावी लागत नाही, जागाच अर्थ सांगते.

म्हणून लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारायचा: माझ्या मराठी वाक्यात 'अवघ्या' बसतो का? बसत असेल तर 'ओन्ली' किंवा 'जस्ट' प्रिपोझिशनच्या मागे, आकड्याला चिकटून: 'इन जस्ट थ्री वीक्स', 'विथ ओन्ली टू विकेट्स लेफ्ट', 'फॉर ओन्ली फिफ्टी रुपीज'. बसत नसेल आणि 'नंतरच, तेव्हाच' असा अर्थ असेल तर प्रिपोझिशनच्या आधी.

'जस्ट'चीही हीच गत. 'जस्ट आफ्टर सिक्स' म्हणजे सहा वाजून दोन-चार मिनिटं. 'आफ्टर जस्ट सिक्स मंथ्स' म्हणजे अवघ्या सहा महिन्यांनी. नोकरी सोडण्याचं कारण सांगताना हे उलटंपालटं झालं तर समोरचा गोंधळतो.

'ऑलमोस्ट आफ्टर टू अवर्स' बरोबर आहे का?

नाही. मराठीत 'जवळजवळ दोन तासांनी' असं म्हणताना 'जवळजवळ' सगळ्यांच्या पुढे येतं, म्हणून इंग्रजीतही ते पुढे टाकावंसं वाटतं. पण इथे 'जवळजवळ' हे तासांच्या आकड्याबद्दल आहे, 'नंतर'बद्दल नाही. म्हणून 'आफ्टर ऑलमोस्ट टू अवर्स'. तसंच 'फॉर निअरली टेन इयर्स', 'ॲट अबाउट फाइव्ह ओ'क्लॉक', 'बाय अराउंड टेन पर्सेंट'. 'अबाउट ॲट फाइव्ह' असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही.

'ऑलमोस्ट' पुढे येतच नाही असं मात्र नाही. जिथे आकडा नाही आणि आपण एखाद्या ठिकाणाच्या किंवा अवस्थेच्या उंबरठ्यावर आहोत, तिथे ते पुढेच येतं: 'वी आर ऑलमोस्ट ॲट द टॉप', 'द बाइक इज ऑलमोस्ट आउट ऑफ पेट्रोल'. 'एक्झॅक्टली' दोन्ही जागी चालतं. 'एक्झॅक्टली ॲट फाइव्ह' आणि 'ॲट एक्झॅक्टली फाइव्ह' यांत फरक शोधण्यात वेळ घालवू नका.

वाक्यातलं ॲडव्हर्ब क्रियापदाचं की फ्रेजचं, हे कसं ओळखायचं?

ही दोन वाक्यं घ्या: 'शी वॉक्ड स्लोली इन्टू द रूम' आणि 'शी वॉक्ड स्ट्रेट इन्टू द रूम'. कागदावर दोन्हींची ठेवण एकच दिसते. पण 'स्लोली' चालण्याबद्दल आहे आणि 'स्ट्रेट' आत जाण्याबद्दल.

पहिली चाचणी: शब्द हलवून बघा. 'शी स्लोली वॉक्ड इन्टू द रूम' आरामात चालतं. 'शी स्ट्रेट वॉक्ड इन्टू द रूम' हे प्रमाण इंग्रजीत चालत नाही (आपल्याकडे कानावर पडतं, ते वेगळं). जो शब्द हलत नाही, तो फ्रेजचा.

दुसरी चाचणी: 'कुठे?' किंवा 'केव्हा?' असा प्रश्न विचारून नुसत्या फ्रेजने उत्तर द्या. 'व्हेअर डिड शी गो?' याला 'स्ट्रेट इन्टू द रूम' हे सहज उत्तर होतं. 'स्लोली इन्टू द रूम' हे उत्तर म्हणून विचित्र वाटतं, कारण 'स्लोली'ला धरायला क्रियापदच उरलेलं नाही.

तिसरी चाचणी: 'इट वॉज... दॅट' ची चौकट. 'इट वॉज राइट बिहाइंड द स्कूल दॅट दे फाउंड द बॅग.' 'राइट' फ्रेजबरोबर मुकाट्याने चौकटीत आलं, म्हणजे ते तिच्याच घरचं.

काही वाक्यांत दोन्ही अर्थ खरोखरच निघतात. 'स्टुडंट्स हू स्टडी ओन्ली ॲट नाइट' स्पष्ट आहे. 'हिज अ‍ॅडव्हाइस वॉज टू स्पीक क्लिअरली इन फेव्हर ऑफ द प्लॅन' यात मात्र स्पष्ट उच्चारात बोलायचं की पाठिंबा निःसंदिग्ध हवा? असं वाक्य तपासत बसू नका, पुन्हा लिहा.

'राइट' वर एवढा जोर का?

कारण प्रिपोझिशन ओळखायची ती एक खूण आहे. प्रमाण इंग्रजीत 'अगदी, थेट' या अर्थाचं 'राइट' विशेषणाच्या किंवा साध्या ॲडव्हर्बच्या आधी येत नाही. 'राइट टॉल', 'राइट क्विकली' असं होत नाही. ते 'राइट अंडर द टेबल', 'राइट थ्रू द वॉल' असं प्रिपोझिशनच्या आधीच बसतं. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचं इंग्रजी व्याकरण केंब्रिजकडून 2002 मध्ये निघालं, त्यात ही खूण वापरून अनेक शब्दांची जुनी खाती बदलली आहेत. 'हिअर', 'देअर', 'नाउ' यांना आपण ॲडव्हर्ब म्हणत आलो. पण 'राइट हिअर', 'राइट नाउ' म्हणता येतं, म्हणून त्यांच्या मते हीसुद्धा प्रिपोझिशनच, फक्त मागे नाम न घेणारी. आपल्या परीक्षांची उत्तरतालिका अजून तिथवर पोचलेली नाही. तिथे जुनंच नाव लिहा.

अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि इंग्लंडच्या उत्तरेकडे बोलीत 'राइट गुड' म्हणतात, आणि ब्रिटिश मंत्र्यांच्या नावापुढच्या 'राइट ऑनरेबल'मध्ये तोच जुना वापर गोठून राहिलाय. परीक्षेत हे अपवाद सांगून गुण मिळणार नाहीत.

'व्हेरी' का चालत नाही?

'व्हेरी इन फ्रंट ऑफ द टेम्पल', 'व्हेरी ऑन टाइम' अशी वाक्यं 'अगदी'वरून येतात. 'अगदी'ला मराठीत कुठेही मुभा आहे: अगदी छान, अगदी समोर, अगदी वेळेवर. 'व्हेरी'ला ती नाही, त्याला विशेषण किंवा ॲडव्हर्ब लागतं. फ्रेजसमोर 'अगदी'साठी जागा बघून शब्द निवडायचा. 'अगदी समोर' म्हणजे 'राइट इन फ्रंट ऑफ', 'अगदी वेळेवर' म्हणजे 'राइट ऑन टाइम' (मित्राशी बोलताना 'बँग ऑन टाइम' किंवा 'डेड ऑन टाइम'), 'अगदी वडिलांसारखा' म्हणजे 'जस्ट लाइक हिज फादर'.

'व्हेरी' वापरायचंच असेल तर मध्ये 'मच' घाला: 'व्हेरी मच इन डिमांड', 'व्हेरी मच अगेन्स्ट द आयडिया'. 'व्हेरी निअर द स्टेशन' आणि 'व्हेरी क्लोज टू द स्टेशन' चालतं, कारण 'निअर' आणि 'क्लोज' यांचं वागणं विशेषणासारखं आहे. 'निअरर', 'क्लोझर' अशी त्यांची रूपंही होतात.

'जस्ट निअर', 'जस्ट ऑपोझिट', 'एक्झॅक्टली ऑपोझिट': पत्ता सांगताना काय म्हणायचं?

'जस्ट निअर द बस स्टँड' हे खास आपलं आहे. इंग्लंड-अमेरिकेत 'राइट बाय द बस स्टँड', 'राइट नेक्स्ट टू' किंवा साधं 'व्हेरी निअर' म्हणतील. 'जस्ट ऑपोझिट' चालतं, 'डायरेक्टली ऑपोझिट' जास्त नेमकं. दुकान समोरच्या बाजूला पण जरा तिरकं असेल तर 'डायगनली ऑपोझिट', आणि थोडं पुढे असेल तर 'जस्ट पास्ट द सिग्नल'. रिक्षावाल्याला यातलं काहीही सांगितलं तरी तो 'कुठल्या बाजूला?' हे विचारणारच.

'सून बिफोर' का खटकतं? आणि 'मच बिफोर'?

'सून आफ्टर' आहे, 'सून बिफोर' जवळपास नाहीच. 'सून'मध्ये पुढे जाण्याचा अर्थ आहे, त्यामुळे मागे बघणाऱ्या 'बिफोर'शी ते जमत नाही. तिथे 'शॉर्टली बिफोर' किंवा 'जस्ट बिफोर'. 'शॉर्टली', 'लाँग', 'इमीजिएटली' हे दोन्हीकडे चालतात. यांच्याही आधी आणखी शब्द येऊ शकतात: 'नॉट लाँग आफ्टर', 'व्हेरी सून आफ्टर', 'टू सून आफ्टर द ऑपरेशन'.

'मच बिफोर द डेडलाइन' हे भारतीय ऑफिसांत भरपूर दिसतं. समजतं, पण सहज इंग्रजी 'वेल बिफोर' किंवा 'लाँग बिफोर' आहे. 'वेल' हा शब्द मराठी माणसाने जास्त वापरायला हवा असं माझं मत आहे. इथे त्याचा 'चांगलं'शी संबंध नाही, 'बऱ्यापैकी' असा अर्थ आहे आणि त्याच्या जोड्या ठरलेल्या आहेत: 'वेल विदिन द लिमिट', 'वेल अबव्ह ॲव्हरेज', 'वेल इन ॲडव्हान्स', 'वेल पास्ट मिडनाइट', 'वेल इन्टू हर एटीज'. शेवटच्याचा अर्थ ऐंशी ओलांडून बरीच वर्षं झाली. 'वेल नेक्स्ट टू' मात्र नाही, कारण शेजारी असण्यात कमी-जास्त अंतर नसतं.

'सकाळी लवकर' आणि 'रात्री उशिरा' यांचा क्रम उलटा का होतो?

मराठीत आधी मोठी वेळ, मग तिच्यातला नेमकेपणा: सकाळी लवकर, रात्री उशिरा. इंग्रजीत नेमकेपणा पुढे: 'अर्ली इन द मॉर्निंग', 'लेट ॲट नाइट', 'अर्ली ऑन मंडे', 'लेट इन 1961'. 'इन द नाइट लेट' हे सरळ मराठीच आहे.

ठिकाणाच्या जोड्या मात्र आपल्यासारख्याच चालतात. 'इथे नागपुरात' म्हणजे 'हिअर इन नागपूर', 'बाहेर उन्हात' म्हणजे 'आउट इन द सन', 'वर गच्चीवर' म्हणजे 'अप ऑन द टेरेस'. काळातही 'बॅक' तसाच बसतो: 'बॅक इन 1983' म्हणजे तेव्हा, 83 साली. जास्त मागचं वाटायला हवं तर 'वे बॅक इन 1983'; हे गप्पांचं इंग्रजी आहे, अर्जात नको.

इतक्या लवकर म्हणून आश्चर्य दाखवायचं असेल तर 'ॲज अर्ली ॲज': 'ट्रेन्स वर रनिंग फ्रॉम बॉम्बे टू ठाणे ॲज अर्ली ॲज 1853'. इथे वर्षाआधी 'इन' टाकत नाहीत. 'ॲज अर्ली ॲज इन 1853' असं छापलेलं आढळतं, पण ते 'इन' काढलेलंच बरं.

वाक्याच्या सुरुवातीला 'ओन्ली' आलं की क्रियापद उलटं का होतं?

बोर्डाच्या 'डू ॲज डायरेक्टेड'चा हा जुना मित्र. 'ओन्ली' आणि प्रिपोझिशनल फ्रेज मिळून वाक्याच्या तोंडाशी आले की मागे प्रश्नासारखा क्रम येतो. 'गोवा वॉज लिबरेटेड इन 1961, बट ओन्ली इन 1987 डिड इट बिकम अ स्टेट.' यात 'डिड' कर्त्याच्या आधी आलं, कारण 'ओन्ली'च्या पोटात नकार लपलेला आहे: 1987 पर्यंत नाही. 'नॉट अंटिल 1987 डिड इट...' याचंही तेच.

बाकीच्या शब्दांना हा मान नाही. 'इव्हन आफ्टर 1947 गोवा रिमेन्ड अंडर पोर्तुगीज रूल', इथे क्रम सरळच. 'शॉर्टली आफ्टर', 'राइट फ्रॉम', 'इस्पेशली इन' यांनी वाक्य सुरू झालं तरी क्रियापद जागचं हलत नाही.

मागचा मुद्दा इथे कामाला येतो. 'ओन्ली आफ्टर टू डेज डिड ही रिटर्न' यात उलटापालट होते. 'आफ्टर ओन्ली टू डेज ही रिटर्न्ड' यात होत नाही, कारण इथे 'ओन्ली' नुसता आकडा लहान करतं, नकार करत नाही. परीक्षक हे दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवतात तेव्हा अर्थ आधी ठरवा, क्रम आपोआप ठरतो. आणखी एक: 'ओन्ली यस्टरडे आय सॉ हिम' हे सरळ क्रमातही बरोबर मानलं जातं, कारण तिथे अर्थ 'कालच तर' असा असतो.

नियम किंवा सूचना लिहिताना 'ओन्ली' कुठे ठेवू?

बोलताना इंग्रज माणूस 'वी ओन्ली ॲक्सेप्ट फॉर्म्स ऑन मंडेज' म्हणतो आणि आवाजाचा जोर 'मंडेज'वर टाकतो. ऐकणाऱ्याला कळतं. कागदाला आवाज नसतो. तिथे याचा अर्थ 'सोमवारी फक्त फॉर्म घेतो, फी नाही' असाही लागू शकतो आणि मग खिडकीवर भांडण. लिहिताना 'वी ॲक्सेप्ट फॉर्म्स ओन्ली ऑन मंडेज'. 'ओन्ली' क्रियापदाआधी ठेवणं ही चूक आहे असं सांगणारे कडक लोक आहेत. मला ते पटत नाही, शतकानुशतकं चांगले लेखक तसं लिहीत आलेत. पण करार, परिपत्रक, औषधाची सूचना इथे मी त्या कडक लोकांच्या बाजूने आहे.

'इन लव्ह', 'इन डेट', 'इन नीड' यांच्याआधी कुठला शब्द?

इथे नियम कमी आणि सवय जास्त. प्रेमात आकंठ बुडालेला 'मॅडली इन लव्ह' किंवा 'डीपली इन लव्ह' असतो, कर्जात बुडालेला 'डीपली इन डेट' किंवा 'हेव्हिली इन डेट'. गरज 'बॅडली' असते: 'बॅडली इन नीड ऑफ रिपेअर'. हाताबाहेर गेलेलं 'कम्प्लीटली आउट ऑफ कंट्रोल', निव्वळ योगायोग 'प्युअरली बाय चान्स', फक्त गुणवत्तेवर 'स्ट्रिक्टली ऑन मेरिट'. कारणांसाठी 'पार्टली', 'लार्जली', 'मेनली': 'द मॅच वॉज कॉल्ड ऑफ मेनली बिकॉज ऑफ द आउटफील्ड'. या जोड्या वाचताना उचलायच्या आणि तशाच्या तशा वापरायच्या. 'मॅडली इन डेट' व्याकरणात बसेल, पण सावकारही हसेल.

'इस्पेशली' की 'स्पेशली'?

'विशेषतः' असं म्हणायचं असेल तर फ्रेजच्या आधी 'इस्पेशली': 'इट पोअर्स इन कोकण, इस्पेशली इन जुलै'. 'स्पेशली' म्हणजे मुद्दाम, त्या कामासाठीच: 'स्पेशली मेड फॉर लेफ्ट-हँडर्स'. बोलताना ब्रिटिशही गल्लत करतात.

'नॉट ओन्ली इन महाराष्ट्र बट ऑल्सो गोवा' यात काय चुकलं?

'इन' एकाच बाजूला राहिला. 'नॉट ओन्ली' जर 'इन'च्या आधी असेल, तर 'बट ऑल्सो'नंतरही 'इन' हवा: 'नॉट ओन्ली इन महाराष्ट्र बट ऑल्सो इन गोवा'. एकच 'इन' ठेवायचा असेल तर तो दोघांच्या बाहेर काढा: 'इन नॉट ओन्ली महाराष्ट्र बट ऑल्सो गोवा'. पहिलं कानाला बरं वाटतं. 'बोथ' आणि 'आयदर' यांनाही हेच लागू.

स्वल्पविराम कुठे द्यायचा?

ॲडव्हर्ब आणि प्रिपोझिशन यांच्यामध्ये कधीच नाही. फ्रेज वाक्याच्या सुरुवातीला असेल तर तिच्यानंतर दिला तरी चालतो: 'शॉर्टली आफ्टर मिडनाइट, द लाइट्स वेंट आउट'. फ्रेज छोटी असेल तर नाही दिला तरी हरकत नाही. 'ओन्ली'मुळे क्रम उलटा झाला असेल तर मात्र देऊ नका. 'इस्पेशली', 'पर्टिक्युलरली' हे वाक्याच्या शेवटी जोड म्हणून आले तर त्यांच्या आधी द्या, वरच्या कोकणच्या उदाहरणात दिलाय तसा.